हातच्या कामाचा भाव

वस्तूवर किंमतीची चिठ्ठी लावून ती दुकानांत मांडून ठेवण्याची रीत आज इतकी अंगवळणी पडली आहे कीं, ती पहिल्यापासूनच चालत आली असावी असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक ती फार जुनी नाहीं. मनुष्याच्या व्यापाराचा बहुतेक सारा इतिहास हा घासाघिशीचाच इतिहास आहे. विकणारानें चढवून सांगावें, घेणारानें पाडून मागावें. एकानें माल गुंडाळून ठेवण्याचा आव आणावा, दुसऱ्यानें चार पावलें चालून जाऊन हळूच मागें वळून पहावें. आणि अखेर 'तुमचेंही नको, आमचेंही नको' म्हणत दोघांनीं मधल्याच एका आकड्यावर यावें, असा हा खेळ. महाराष्ट्रांतील गुरांच्या बाजारांत दलाल रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें धरून बैलाचा भाव ठरवितात, तेंही ह्या खेळाचेंच एक रूप. भोवतीं बघ्यांची गर्दी असते, पण सौदा कितीला तुटला हें त्या दोघांखेरीज कोणास कळत नाहीं.

तथापि खेळ म्हटला म्हणजे दोन्ही गडी तुल्यबळ असावे लागतात. बैल घेणारा आणि बैल विकणारा हे बहुधा सारख्याच बळाचे असतात. आज सौदा जमला नाहीं तर पुढच्या बाजारीं पाहूं, असें दोघांनाही म्हणतां येतें. हातानें वस्तु घडवून ती विकणाऱ्या कारागिराची गोष्ट निराळी आहे. त्याचें सर्व भांडवल त्या एका वस्तूंत अडकलेलें असतें. आजचें लुगडें विकल्याखेरीज उद्यांच्या लुगड्याचें सूत येत नाहीं. अॅडम स्मिथनें १७७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत मालक आणि मजूर ह्यांच्या ओढाताणीविषयीं लिहितांना हें मर्म अचूक पकडलें आहे. मालक सांठवलेल्या पैशावर वर्ष दोन वर्षें काढूं शकेल. मजुरांपैकीं पुष्कळांस कामावांचून एक आठवडाही काढतां येणार नाहीं, असें तो म्हणतो. घासाघिशींत बोलका मनुष्य जिंकतो असा समज आहे. पण बोलणें हें केवळ वरवरचें. ज्याला थांबतां येतें तो जिंकतो.

मग एकच भाव ठरवून टाकावा आणि ही कटकट मिटवावी, असें कोणाच्या तरी मनांत यावयाचेंच. तें सतराव्या शतकांत पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांचें नांवही ठाऊक नसलेल्या माणसांच्या मनांत, थोड्याशा अंतरानें आलें.

इंग्लंडांत जॉर्ज फॉक्स (१६२४-१६९१) ह्यानें 'फ्रेंड्स' नांवाचा धर्मपंथ काढला. लोक त्या पंथाच्या अनुयायांस थट्टेनें 'क्वेकर' म्हणत. खरें बोलावें, शपथसुद्धां वाहूं नये, हा त्यांचा आग्रह. दहा शिलिंग घ्यावयाचे असतां पंधरा सांगणें हें असत्य. म्हणून क्वेकर दुकानदारानें पहिल्यानेंच शेवटचा भाव सांगावा असें ठरलें. आरंभीं गिऱ्हाईक बिथरलें. हे लोक कोणापुढें टोपी काढीत नसत, मोठ्यांनाही एकेरी संबोधीत, आणि वर भावही कमी करीत नसत! परंतु कांहीं वर्षांनीं वारें फिरलें. फॉक्सनें आपल्या रोजनिशींत नोंदलें आहे कीं, ह्यांच्या दुकानीं लहान मूल पाठविलें तरी तें फसत नाहीं असा अनुभव आल्यावर गिऱ्हाइकें तेथेंच जाऊं लागलीं, आणि हे क्वेकर देशाचा सगळा व्यापार गिळतील कीं काय, अशी उलट तक्रार सुरू झाली. धर्म म्हणून पाळलेलें सत्य धंद्यालाही पावलें.

जपानांतील गोष्ट धर्माची नव्हे. ती निव्वळ व्यापारी अकलेची आहे. मात्सुसाका गांवचा मित्सुई ताकातोशी ह्यानें १६७३ सालीं, वयाची पन्नाशी उलटल्यावर, एडो शहरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, 'एचिगोया' नांवाचें रेशमी कापडाचें दुकान काढलें. त्या काळीं तेथील मोठे कापडवाले गांठोडीं घेऊन सामुराई सरदारांच्या वाड्यांवर जात. माल उधारीवर द्यावयाचा आणि पैसे सणास किंवा वर्षअखेरीस मिळावयाचे. उधारी बुडण्याची भीति आणि व्याजाचा खर्च हीं दोन्हीं भावांत आधींच चढवून ठेवलेलीं असत. मग त्यांतून जें कमी करावयाचें तें गिऱ्हाइकाच्या प्रतिष्ठेप्रमाणें आणि जिभेप्रमाणें. कापडही संपूर्ण ताग्यानेंच विकत. मित्सुईनें हें सारें उलटें केलें. गिऱ्हाइकानें दुकानीं यावें, रोख पैसे द्यावे, सांगितलेल्या भावांत भर घातलेली नसल्यामुळें घासाघीस करूं नये, आणि हवें तर ताग्यांतून हातभर तुकडाही कापून न्यावा. दुकानांत एकेका जातीच्या कापडाला एकेक कारकून नेमलेला होता, आणि निकड असेल त्याला तेथल्या तेथें कपडा शिवून देण्यास शिंपी तयार असत. ज्या गरीब कुटुंबाला वाड्यावर येणारा व्यापारी कधींच दिसला नसता, त्याला वितीभर रेशीम घेतां येऊं लागलें. बरोबरीच्या व्यापाऱ्यांना हें सहन झालें नाहीं. त्यांनीं त्याला वाळीत टाकलें, हरप्रकारें छळलें. त्यांत शहरांत आग लागली, आणि १६८३ सालीं त्याला सुरुगाचो भागांत बिऱ्हाड हलवावें लागलें. पण तेथें तो इतका भरभराटीस आला कीं, १६८८ सालीं इहारा साइकाकु ह्या कादंबरीकारानें आपल्या एका पुस्तकांत ह्या दुकानाचें नमुनेदार म्हणून वर्णन केलें. आजची 'मित्सुकोशी' ही पेढी ह्याच दुकानाची वंशज आहे.

येथें क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. क्वेकर काय किंवा मित्सुई काय, दोघांनींही गिऱ्हाइकाशीं सचोटी राखली. दर्शनी दारावर भाव ठरलेला. परंतु मागल्या दारानें माल येई, त्या दाराचें काय? मित्सुईनें एडोंत दुकान काढलें त्याच वर्षीं क्योटोस माल खरेदी करण्याची पेढी घातली. रेशीम विणणारांचें तें माहेरघर. तेथें विणणाराच्या पदरीं किती पडावें ह्याची पाटी कोठेंही लावलेली नव्हती. 'एकच भाव' ही देणगी घेणाराला मिळाली, करणाराला नव्हे.

आणि ठरीव भाव म्हणजे न्याय, असेंही कोणी समजूं नये. त्याचा पुरावा शोधण्यास फार लांब जावयास नको. अठराव्या शतकांत बंगालचे विणकर ईस्ट इंडिया कंपनीसाठीं मलमल आणि इतर सुती कापड विणीत. १७५३ पर्यंत कंपनी देशी व्यापाऱ्यांच्या मार्फत दादनी, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन माल घेई. त्या सालीं तिनें ही पद्धति मोडली आणि आपले पगारी गोमास्ते गांवोगांव बसविले. प्लासीनंतर ह्या गोमास्त्यांच्या पाठीशीं राज्यसत्ता उभी राहिली. विल्यम बोल्ट्स हा कंपनीच्या नोकरींत राहिलेला गृहस्थ. त्यानें १७७२ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत ह्या व्यवहाराचें जें वर्णन केलें आहे तें आजही वाचवत नाहीं. विणकराकडून करारावर सही घ्यावयाची. अमुक माल, अमुक दिवशीं, अमुक भावानें. विणकरानें पैसे नाकारले तर ते त्याच्या कमरेला बांधून त्याला फटके मारून घालवून द्यावयाचें. त्याचें नांव गोमास्त्याच्या वहींत चढलें म्हणजे दुसऱ्या कोणाचें काम त्यानें करावयाचें नाहीं. भाव गोमास्ता आणि मालाची पारख करणारा जाचनदार हे दोघे संगनमतानें ठरवीत. आणि तो भाव उघड्या बाजारांतील भावापेक्षां शेंकडा पंधरानें, कोठें कोठें तर शेंकडा चाळीसनेंही कमी असे.

बोल्ट्सची साक्ष जपून घेतली पाहिजे हें खरें. तो स्वतः खासगी व्यापारांत गबर झालेला होता, कंपनीनें त्याला १७६८ सालीं बंगालमधून हांकलून दिलें होतें, आणि त्याच्या लेखणींत तो राग आहे. जाणूनबुजून वाढविलेल्या गोष्टीही त्यांत असतील. इंग्रजांनीं विणकरांचे आंगठे तोडले ही जी आख्यायिका सर्वतोमुखी झाली आहे, तिचें मूळ ह्याच ग्रंथांत दाखवितात. पण तेथें मजकूर वेगळा आहे. रेशीम उकलणाऱ्या कांहीं लोकांनीं ही सक्ती चुकविण्यासाठीं स्वतःचे आंगठे स्वतःच तोडून घेतले, असें बोल्ट्स म्हणतो. आख्यायिकेपेक्षां हें वाक्य कमी भयंकर आहे असें म्हणवत नाहीं.

ह्या बंगाली विणकरापासून काय हिरावून घेतलें होतें? विचार केला तर असें दिसेल कीं, त्याचा घासाघीस करण्याचा हक्कच हिरावून घेतला होता. 'एवढ्यांत परवडत नाहीं, दुसरीकडे पहा' हें वाक्य उच्चारण्याची त्याला मुभा नव्हती. ज्याला नाहीं म्हणतां येत नाहीं, त्याच्यापुढें भाव सांगितला काय आणि लादला काय, सारखेंच. म्हणून घासाघिशीला सरसकट दूषण देणारांनीं थोडें बेतानें बोलावें. स्वतंत्र कारागीर आणि स्वतंत्र गिऱ्हाईक ह्यांच्यामधील बोलाचालीला एक प्रकारची इभ्रत आहे. वाईट आहे तें दुसऱ्याची निकड ओळखून तिच्यावर बोट ठेवणें.

ह्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आपल्या आयुष्यांत पाहिलेला एक मनुष्य पुढें इंग्लंडांत झाला. रॉबर्ट ओवेन हा वेल्समधील न्यूटाउन गांवीं १७७१ सालीं जन्मला. समाजसुधारक आणि सहकारी चळवळीचा आद्य प्रवर्तक म्हणून त्याचें नांव सुशिक्षितांस परिचित आहे. तो लहानपणीं कापडाच्या दुकानांतला पोऱ्या होता हें तितकें परिचित नाहीं. लंडन ब्रिजवरील फ्लिंट आणि पामर ह्यांच्या दुकानांत तो कांहीं काळ नोकरीस होता. हें दुकान साधारण स्थितींतील लोकांचें. प्रत्येक वस्तूचा भाव ठरलेला, व्यवहार रोखीचा, आणि बोलाचालीला फुरसतच नाहीं. भाव ऐकावा, पैसे टाकावे, माल उचलावा. गिऱ्हाइकांचा लोंढा रात्रीं साडेदहापर्यंत चाले. त्यानंतर विस्कटलेला माल पुन्हां घडी करून लावतां लावतां नोकरांना पहांटेचे दोन वाजत, आणि सकाळीं आठ वाजतां केंसांना पावडर लावून पुन्हां उभें राहावें लागे. कधीं कधीं जिना चढण्याचेंही त्राण उरत नसे आणि कठड्याला धरून बिछान्यापर्यंत जावें लागे, असें ओवेननें म्हातारपणीं लिहिलेल्या आत्मचरित्रांत सांगितलें आहे. ठरीव भावामुळें वेळ वांचला होता खरा. पण तो वांचलेला वेळ नोकराच्या वांट्यास आला नव्हता.

हाच ओवेन साठीला आल्यावर एका धाडसी प्रयोगाला प्रवृत्त झाला. वस्तूचा भाव बाजारानें ठरवूं नये आणि दुकानदारानेंही ठरवूं नये. ती करण्यास लागलेल्या श्रमानेंच तो ठरावा. सप्टेंबर १८३२ मध्यें लंडनच्या ग्रेज इन रोडवर त्यानें श्रमाच्या देवघेवीचा एक बाजार उघडला. शिंपी, चांभार, सुतार, टोपीवाले ह्यांनीं आपापल्या हातच्या वस्तु तेथें आणून द्याव्या. कच्च्या मालाची किंमत आणि लागलेले तास ह्यांवरून वस्तूचें मोल ठरावें. आणि तितक्या तासांच्या छापील नोटा कारागिराला मिळाव्या. त्या नोटांवर तेथीलच दुसऱ्या कोणाची वस्तु त्यानें घ्यावी. एका तासाचें मोल सहा पेन्स धरलें होतें. ना दलाल, ना उधारी, ना घासाघीस. पहिल्या कांहीं महिन्यांत मालाची इतकी रीघ लागली कीं, दारें बंद करून सांठा लावून घेण्याची पाळी आली. पुढच्या वर्षीं बर्मिंगहॅमलाही अशीच शाखा निघाली.

आणि तरीही १८३४ सालीं हा बाजार बंद पडला. असें कां व्हावें? एक तर, पारखी मंडळी तासांचा हिशेब करतांना डोळा बाहेरच्या बाजारावरच ठेवीत. बाजारभाव काढावा, त्याला सहा पेन्सांनीं भागावें, कीं झाले तास! दुसरें, जी वस्तु बाहेरच्यापेक्षां स्वस्त पडे ती चलाख दुकानदार नोटा मिळवून उचलून नेत, आणि जी महाग पडे ती तेथेंच धूळ खात बसे. तिसरें कारण अगदींच घरगुती होतें. शिंप्याजवळ नोटा जमल्या, पण त्याला हवी होती भाकरी. आणि ह्या बाजारांत कोट, जोडे, टोप्या ह्यांची रेलचेल असली तरी धान्यधुन्याची वानवा होती. ओवेनच्या हेतूबद्दल कोणी शंका घेणार नाहीं. पण करणाराचे तास मोजले म्हणजे घेणाराची गरजही आपोआप मोजली जाते, हा त्याचा भ्रम होता.

पुढें १८५२ पासून पॅरिसमध्यें आरिस्तीद बुसिको ह्यानें 'बाँ मार्शे' हें दुकान नांवारूपास आणलें, आणि वस्तूवर किंमत लिहून ठेवण्याची पद्धति जगभर पसरली. तिच्याविषयीं येथें लांबण लावण्याचें कारण नाहीं. एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, ती यंत्राच्या मालाबरोबर पसरली. यंत्रांतून निघालेले शंभर वार एकासारखे एक असतात, म्हणून त्यांना एक भाव शोभतो. हातचें काम तसें नसतें. आणि गिऱ्हाइकाच्या जिभेवर मात्र तोवर यंत्राचा भाव बसलेला असतो.

हा पेंच सर्वांत तीव्रपणें उभा राहिला तो खादीच्या बाबतींत. अखिल भारतीय चरखा संघ सप्टेंबर १९२५ मध्यें पाटणा येथें स्थापन झाला. खादी भांडारांत घासाघीस नव्हती. भाव ठरलेला असे. परंतु तोंडानें घासाघीस करतां येत नसली तरी ती पायांनीं करतां येते. शहरांतील देशभक्त कुटुंबही खादीच्या धोतराचा भाव ऐकून शेजारच्या गिरणीच्या कापडाच्या दुकानाकडे एकदां पाहून घेई. म्हणून खादी स्वस्त केली पाहिजे, हा कार्यकर्त्यांचा सततचा ध्यास. आतां स्वस्त करावयाची म्हणजे कोणाचें कमी करावयाचें? कापसाला बाजारभाव आहे. रेल्वेचें भाडें कोणाच्या विनवणीनें कमी होत नाहीं. विणकर थोडाबहुत अडून बसूं शकतो. राहतां राहिली झोंपडींत चरखा घेऊन बसलेली कांतणारीण. तिला दुसरें कामच नव्हतें. म्हणून दिवसभर कांतून जे थोडे पैसे मिळत तेवढ्यावर ती राजी असे. सगळी स्वस्ताई अखेर तिच्या पदरीं बांधली जाई.

१९३५ सालीं गांधीजींनीं ह्या गोष्टीला हात घातला. 'हरिजन' पत्रांतून त्यांनीं आपल्याच चळवळीच्या ह्या हिशेबाविरुद्ध लिहिण्यास सुरुवात केली. कांतण्याच्या कामालाही इतर कामांप्रमाणें पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. ताशीं एक आणा, म्हणजे आठ तासांस आठ आणे, असा आकडा त्यांनीं पुढें मांडला. अनेक जुने कार्यकर्ते हबकले. भाव चढेल, खप बसेल, आणि आज जिला थोडें मिळतें तिला उद्यां कांहींच मिळणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें; आणि तें पोकळ नव्हतें. ऑक्टोबरमध्यें वर्ध्यास संघाच्या कौन्सिलाची बैठक झाली. तींत ठरलें तें असें: आठ तासांच्या कसून केलेल्या कामाबद्दल कांतणारणीला निदान इतकी मजुरी मिळावी कीं, तींत वर्षाचें वीस वार कापड आणि शास्त्रीय दृष्टीनें ठरविलेला किमान आहार भागेल. भाव येथें प्रथमच खालच्या टोंकाकडून बांधला जात होता. आधीं कांतणारणीची भाकरी मोजावयाची आणि मग धोतराची किंमत काढावयाची, असा हा क्रम. प्रत्यक्षांत आठ आण्यांच्या जागीं आरंभीं तीन आण्यांवर समाधान मानावें लागलें. वर्ध्यापासून जवळच नालवाडी येथें विनोबा भावे ह्यांनीं त्याच सुमारास रोज आठ तास सूत कांतून त्याच्या मजुरीवर आपला निर्वाह करून पाहिला. हिशेब कागदावर मांडणें निराळें आणि त्या हिशेबावर जेवणें निराळें. ही दुसरी कसोटी लावून पाहणारे हिशेबनीस थोडे.

खादीचा भाव अर्थातच चढला, आणि भांडारांत कुरकूर ऐकूं येऊं लागली. परंतु कां चढला ह्याचें उत्तर आतां विक्रेत्याजवळ होतें. गिऱ्हाइकाला पटो वा न पटो, तें उत्तर एका मनुष्याच्या ताटाशीं जोडलेलें होतें.

हल्लीं कारागीर आणि गिऱ्हाईक ह्यांची गांठ पुन्हां समोरासमोर पडूं लागली आहे. मात्र मध्यें मोबाईलची कांच आहे. येवल्याचा विणकर आपल्या पैठणीचें छायाचित्र टाकतो आणि शेंकडों मैलांवरून प्रश्न येतो, 'शेवटचा भाव किती?' दलाल मधून कांहीं अंशीं गेला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु त्याच कांचेवर बोट सरकवतांच यंत्रमागावरच्या नकलेचें चित्र येतें, आणि तिची किंमत अस्सल पैठणीच्या एका लहानशा अंशाएवढी असते. चित्रांत दोन्ही सारख्याच दिसतात. भरीव पदराच्या पैठणीला महिनेच्या महिने लागतात. त्या पदरावरील मोर आणि वेली लहान लहान कांड्यांनीं, धाग्यांत धागा अडकवून, एकेका ओळीनें भरलेल्या असतात. बाजारांत प्रत्यक्ष भेट होई तेव्हां गिऱ्हाईक निदान कापडाला हात लावून पाही, आणि हाताला जें कळतें त्याच्यावर फार घासाघीस होत नसे. आतां तो हात मधून गेला आहे.

म्हणून कांहीं विणकर आतां पदराची उलट बाजूही दाखवितात. हातमागाच्या पैठणीचें नक्षीकाम मागूनही जवळ जवळ पुढच्यासारखेंच सुबक असतें. यंत्राच्या नकलेंत मागें सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. उलट बाजूच्या चित्राखालीं ते एवढेंच लिहितात, कीं मागावर इतके दिवस लागले.